टबाखाली पोकळी नको

आपल्याकडे आंघोळ म्हणजे मोरी, बादली आणि तांब्या. मग या पानावर टबाची गोष्ट कशाला, असे भगिनी विचारतील. ताई, टब आपल्या घरात नसला तरी तो बसवणारे हात आपल्याच घरातले आहेत. गवंडीकाम, प्लंबिंग करणारी आपली कितीतरी मुले रोज डबा घेऊन मोठ्या फ्लॅटमधले जुने बाथरूम फोडायला जातात.

माझा भाचा त्यातलाच. त्याने एका घरी ॲक्रिलिकचा टब बसवला. दिसायला झकास! महिन्याभरात तळाला केसाएवढी चीर गेली आणि खालच्या मजल्यावर पाणी टपकू लागले. मालकाने सहा दिवसांची मजुरी कापली. "मामा, टबच हलका निघाला," तो म्हणाला. मी विचारले, "टब उचललास तेव्हा खाली काय होते?" तो गप्प. चार कोपऱ्यांना चार विटा, मध्ये नुसती पोकळी!

हिशेब सोपा आहे. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. टबात दीडशे लिटर पाणी, वर सत्तर किलोचा माणूस. दोनशे वीस किलो झाले, टबाचे वजन वेगळेच. हा भार काठावर नव्हे, तळावर पडतो. तळाला आधार नसेल तर तो रोज थोडा थोडा लवतो आणि एक दिवस तडकतो. त्यातून आपल्या बाथरूमची फरशी नहाणी ट्रॅपकडे उतरती, म्हणजे टब सपाट बसतच नाही.

म्हणून आधी टबाबरोबर आलेला कागद वाचावा, येत नसेल तर कुणाकडून वाचून घ्यावा. काही टबांना लोखंडी सांगाडा असतो. तिथे कंपनी सांगेल तेच करावे. मालाची मनाई नसेल तर फरशीवर सिमेंट-वाळूच्या घट्ट मालाचे ढीग घालावेत, वर प्लास्टिकचा कागद अंथरावा आणि टब दाबून लेव्हल लावावी. भिंतीकडच्या काठाखाली पट्टी ठोकावी. माल पुरता आवळेपर्यंत आत पाय ठेवू नये. सांडपाण्याचा जोड पाणी सोडून तपासल्याशिवाय बाजूची वीट बंद करू नये, आणि तिथे उघडता येईल अशी खिडकी ठेवावी.

भिंतीलगतची फट सिलिकॉनने भरताना टब पाण्याने भरलेला असावा. रिकामा असताना भरलात तर पहिल्याच आंघोळीला टब खाली दबतो आणि सांधा सुटतो. हे फार थोडे कारागीर करतात.

या सगळ्यात एखादा दिवस वाढतो. त्याची मजुरी काम धरण्याआधीच बोलून घ्यावी, मागून कुणी देत नाही.

दुसरा टब बसवताना भाच्याने मला बोलावून घेतले. भरलेल्या टबाशेजारी बसून आम्ही दोघांनी डबा खाल्ला. निघताना त्याने मालकिणीला दोनदा बजावले, "बाई, उद्या मी येईपर्यंत पाणी सोडू नका."