कच्चा लिंबू आणि एक हजार नऊ

कल्याणमध्ये 4 आणि 5 जानेवारी 2016 रोजी झालेल्या एका शालेय सामन्याचा धावफलक अजूनही माझ्या डोक्यातून जात नाही. भंडारी चषकाची सोळा वर्षांखालील आंतरशालेय स्पर्धा होती. आर्य गुरुकुल शाळेचा संघ 31 धावांत आटोपला. उत्तरादाखल के. सी. गांधी शाळेने डाव घोषित केला, तेव्हा फलकावर 3 बाद 1465 अशी धावसंख्या होती. त्यातल्या 1009 धावा एकट्या प्रणव धनावडेच्या होत्या, आणि तो नाबाद होता. पंधरा वर्षांचा मुलगा, रिक्षाचालकाचं पोर. 129 चौकार, 59 षटकार. क्रिकेटच्या कोणत्याही नोंदीत एका डावात हजार धावा तोवर कुणीच केल्या नव्हत्या.

देशभर कौतुक झालं आणि ते व्हायलाच हवं होतं. सचिन तेंडुलकरने त्याला बॅट भेट दिली. पण त्याच बातम्यांच्या तळाशी आणखी एक तपशील होता: समोरच्या शाळेची मोठी मुलं परीक्षेच्या तयारीत असल्यामुळे संघात नव्हती आणि त्यांच्या जागी बारा-तेरा वर्षांची मुलं उतरवावी लागली होती. एका बाजूची सीमारेषाही फार जवळ होती. म्हणजे जगातला सर्वांत मोठा डाव खेळला गेला तो जवळपास सातवी-आठवीच्या मुलांसमोर.

त्यात अखिलाडूपणा होता का? या प्रश्नाचं उत्तर मी बरेच दिवस शोधतो आहे. चटकन ‘हो’ म्हणणं सोपं आहे, चटकन ‘नाही’ म्हणणंही सोपं आहे. दोन्ही बाजूंना खरोखरीचं वजन आहे.

आधी प्रणवची बाजू. मुंबईच्या क्रिकेटमध्ये फलंदाजाला लहानपणापासून एकच मंत्र दिला जातो: विकेट फेकायची नाही. शतक झालं की नव्याने गार्ड घ्यायचा. यालाच इथे कौतुकाने ‘खडूसपणा’ म्हणतात आणि या खडूसपणाने भारताला पिढ्यान्‌पिढ्या फलंदाज पुरवले. शिवाय निवड चाचणीला शेकडो मुलं येतात, निवड समितीसमोर प्रत्येकाला मिळतात मोजके चेंडू. कुणाची नजर वेधायची तर आकडाच लागतो, आणि आकड्यांचीही महागाई होत गेली आहे. शाळांच्या हॅरिस शील्ड स्पर्धेत 2009 साली सर्फराज खानने 439 धावा केल्या, 2013 साली पृथ्वी शॉने 546. अशा बाजारात कल्याणच्या रिक्षाचालकाच्या मुलाला ‘आता तीनशे झाल्या, पुरे कर’ असं कोणत्या तोंडाने सांगायचं? वशिला असलेल्या मुलाला तीनशे पुरतील. याला पुरणार नव्हत्या.

आणि दुसरं असं की, फलंदाजाने मुद्दाम बाद होणं हीदेखील खेळाशी बेइमानीच. समोरच्या गोलंदाजाला फुकटची विकेट देणं म्हणजे तुझ्या चेंडूत काही दम नाही, मी दया दाखवतो आहे, असं त्याला सांगणं.

आता दुसरी बाजू. मुंबईत कुणी हा विषय काढला की 1988 सालचं आझाद मैदान आठवतं. हॅरिस शील्डच्या उपांत्य सामन्यात शारदाश्रमच्या तेंडुलकर आणि कांबळी यांनी सेंट झेवियर्सविरुद्ध 664 धावांची अखंड भागीदारी केली. एक नाबाद 326, दुसरा नाबाद 349. त्या कहाणीत सगळ्यांना धावा आठवतात. मला त्यांचे प्रशिक्षक आचरेकर सर आठवतात. डाव घोषित करा, असा त्यांचा निरोप होता. मुलांनी सीमारेषेकडे बघणंच टाळलं आणि खेळत राहिली. दुसऱ्या दिवशी उपाहाराला सरांशी फोनवर बोलणं झालं, तेव्हा कांबळीला साडेतीनशेसाठी एकच धाव हवी होती. सरांनी ती करू दिली नाही. डाव तिथेच घोषित झाला. पुढे त्याच कांबळीने सहा बळी घेऊन सामना जिंकून दिला. मुलांना थांबावंसं वाटलं नाही, यात नवल ते काय. चौदा-सोळा वर्षांचं वय थांबण्याचं नसतंच. थांबवायला गुरू होता.

शिवाय ती जोड बरोबरीची होती. झेवियर्सच्या गोलंदाजांमध्ये साईराज बहुतुले होता, जो पुढे भारताकडून खेळला. त्याच्यासारख्यांनी त्या दिवशी मार खाल्ला तो बरोबरीच्या मुलांकडून, आणि त्यातून शिकण्यासारखं काही तरी होतं. बारा वर्षांच्या मुलाने दोन दिवस चेंडूमागे धावून काय शिकायचं, हे मला सांगता येत नाही.

कल्याणच्या सामन्यात माझ्या दृष्टीने निर्णायक क्षण म्हणजे दोन दिवसांमधली रात्र. पहिल्या दिवसअखेर प्रणव 652 वर नाबाद होता. आर्थर कॉलिन्सचा 1899 पासूनचा नाबाद 628 धावांचा विक्रम तेव्हाच मोडला होता. सामन्याचा निकालही केव्हाच लागला होता. एकतीसवर बाद झालेला संघ तिथून परत येणार नव्हता. (कॉलिन्सच्या बाबतीत निदान त्याचा संपूर्ण संघ 836 वर बाद झाला होता, म्हणजे डाव आपल्या गतीने संपला होता.) त्या रात्री दोन्ही शाळांची मोठी माणसं, पंच, आयोजक या सगळ्यांना विचार करायला अख्खी रात्र मिळाली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रणव पुन्हा फलंदाजीला आला, यात त्याचा दोष मी काडीचाही मानत नाही. त्याला पाठवणाऱ्यांना मात्र एक प्रश्न विचारावासा वाटतो: आजचा दिवस कुणासाठी खेळवला जातो आहे?

इथे कुणी म्हणेल, मग त्या प्रशिक्षकांना शिक्षा करा. अमेरिकेत असं घडलेलं आहे. टेक्ससमध्ये जानेवारी 2009 मध्ये मुलींच्या शालेय बास्केटबॉल सामन्यात कव्हेनंट शाळेने डॅलस अकॅडमीला 100-0 असं हरवलं. डॅलस अकॅडमी ही वाचन-लेखनात अडचणी येणाऱ्या मुलांची शाळा. गदारोळ झाला, जिंकलेल्या शाळेने जाहीर माफी मागितली, सामना सोडून देण्याची तयारीही दाखवली. प्रशिक्षकाने मात्र, आमच्या मुली प्रामाणिकपणे खेळल्या, माफी कसली, अशी भूमिका घेतली आणि त्याची नोकरी गेली. मला हा न्याय वाटत नाही. आधी कोणताही नियम न करायचा, निकाल लागल्यावर लाज वाटायची आणि ती लाज एका माणसाच्या माथी मारायची, यातून पुढच्या सामन्याला काहीच मिळत नाही. आणि जिंकलेल्या मुलींना काय कळलं? की त्यांचं जिंकणं हीच शरमेची गोष्ट होती.

गल्लीत खेळणाऱ्या आपल्या मुलांनी हा प्रश्न फार पूर्वीच सोडवला आहे. कुणाचा धाकटा भाऊ हट्ट करून खेळायला आला की तो ‘कच्चा लिंबू’. तो पळणार, ओरडणार, पण बाद झाला तरी बाद नाही; त्याच्यावर राज्य नाही. कोणत्याही पंचाशिवाय चालणारा हा दयेचा नियम आहे आणि त्यात कमालीचं शहाणपण आहे: तो खेळ सुरू होण्याआधी ठरतो. पण त्याची दुसरी बाजूही प्रत्येक मराठी माणसाला ठाऊक आहे. कच्चा लिंबू व्हायला कुणालाच आवडत नाही. सहा वर्षांचं पोरही रडून सांगतं, मला खरंखुरं खेळायचंय. शाळेचा गणवेश घालून, नाव कागदावर नोंदवून मैदानात उतरलेल्या तेरा वर्षांच्या मुलाला मध्येच कच्चा लिंबू ठरवणं, त्याच्यासाठी मुद्दाम हळू खेळणं, मुद्दाम झेल देणं, हा अपमान हजार धावांपेक्षा लहान असेल असं मला वाटत नाही.

म्हणून मला उत्तर जत्रेच्या आखाड्यात दिसतं. गावच्या कुस्त्यांमध्ये पंच आधी जोड लावतात. दोन्ही पैलवानांची अंगं बघतात, वय, वजन, तयारी अंदाजतात. जोड विजोड वाटली तर बघ्यांमधूनच आरडाओरडा होतो. जिंकणाऱ्याने नंतर जोर कमी लावावा, अशी कुणाची अपेक्षा नसते. जोर लावायचाच, पण जोड नीट लावून. आणि मॅटवरच्या फ्रीस्टाइल कुस्तीत 10 गुणांची आघाडी झाली की लढत तिथेच संपते. त्याला तांत्रिक श्रेष्ठत्व म्हणतात. हरलेला पैलवान अपमानित होत नाही, जिंकलेल्याला कुणी निर्दय म्हणत नाही. पंच हात वर करतो आणि दोघं खाली उतरतात. शालेय क्रिकेटला, कबड्डीला, फुटबॉलला असं काही का नसावं? पहिल्या फेऱ्यांमध्ये डावाला षटकांची मर्यादा, ठरावीक आघाडीनंतर सामना समाप्त, आणि संघात ठरावीक संख्येने त्या वयोगटाची मुलं नसतील तर तो सामना वेगळ्या दिवशी. हे तिन्ही उपाय कंटाळवाणे आहेत, पण तेच लागतील.

जोडीचा विषय निघाला की मग वयाच्या कागदाकडे यावंच लागतं. मैदानावर शिवी दिली, पंचाशी हुज्जत घातली, हात न मिळवता निघून गेलं, तर तो अखिलाडूपणा सगळ्यांना दिसतो आणि त्या मुलाला शिक्षाही होते. ती व्हावी. पण चौदा वर्षांखालच्या गटात सोळा वर्षांचा मुलगा उतरवला, तर तो अत्यंत नम्रपणे, पंचांना नमस्कार करून खेळू शकतो. राहुल द्रविडने डिसेंबर 2015 मध्ये पतौडी स्मृती व्याख्यानात याच दुखण्यावर बोट ठेवलं होतं: वय चोरणारा मुलगा प्रामाणिक मुलाची जागा घेतो आणि मोठी माणसं त्याला खोटं बोलायला शिकवतात. आपल्याकडे खेळाडूंना दहावी-बारावीत वाढीव गुण आहेत, सरकारी नोकरीत 5 टक्के आरक्षण आहे. चांगल्या हेतूने दिलेल्या या सवलतींनी प्रमाणपत्राची किंमत वाढवली, आणि किंमत वाढली की बोगस प्रमाणपत्रंही आली. तालुक्याच्या सामन्यात पालक लाल होऊन ओरडतात, ते बहुतेक वेळा मुलाच्या एका पकडीसाठी नसतं, त्या कागदासाठी असतं.

पण इथेही हात जरा आखडता घ्यायला हवा. महाराष्ट्रात 1 जूनला वाढदिवस असणारी किती माणसं आहेत, हे कोणत्याही सरकारी कार्यालयातली निवृत्तीची यादी पाहिली तरी कळतं. आईला जन्मतारीख आठवायची नाही आणि शाळेत नाव घालताना गुरुजी शाळा सुरू होण्याच्या महिन्याची पहिली तारीख लिहून टाकायचे. ती लबाडी नव्हती. आजही ऊसतोडीच्या फडावर जन्मलेल्या प्रत्येक मुलाच्या कागदावर अचूक दिवस असेलच असं नाही. हाडांच्या चाचणीने अंदाज कळतो, तारीख कळत नाही. लवकर वाढ झालेलं प्रामाणिक पोरही त्यात भरडलं जाऊ शकतं. म्हणून क्रिकेट मंडळाने 2020 साली घेतलेली भूमिका मला जास्त पटते: स्वतःहून खरं वय सांगा, शिक्षा नाही, लपवलंत आणि सापडलात तर दोन वर्षांची बंदी. शालेय स्पर्धांमध्येही ही खिडकी उघडली, तर निदान मुलाला खरं बोलण्याची एक वाट मिळेल. मात्र त्याच प्रकरणात प्रशिक्षकाला आणि शाळेलाही बंदी हवी, फक्त मुलाला नाही.

अखिलाडूपणाची चर्चा निघाली की गोलंदाजाने नॉनस्ट्रायकरला धावबाद करावं की नाही, हा वादही येतोच; त्यावर मी फार शाई खर्च करणार नाही. चेंडू टाकला जाण्याआधी क्रीज सोडणारा फलंदाज फायदा उकळत असतो आणि 2022 पासून क्रिकेटच्या नियमांनीही हा प्रकार ‘अनुचित खेळा’च्या कलमातून काढून साध्या ‘धावबाद’मध्ये टाकला आहे. मुलांना नियम सांगावा आणि पुढे जावं. गुंडाप्पा विश्वनाथने 1980 साली वानखेडेवर बाद दिलेल्या बॉब टेलरला परत बोलावलं, ते थोर होतं, पण ते त्याने स्वतःच्या संघाच्या जोखमीवर केलं होतं, आणि भारत तो सामना हरला. तसं औदार्य मुलाकडून आपणहून आलं तर डोक्यावर घ्यावं. ते त्याच्याकडून मागू मात्र नये.

प्रणवला त्या डावानंतर मुंबई क्रिकेट असोसिएशनने पाच वर्षांसाठी महिना 10,000 रुपयांची शिष्यवृत्ती दिली. 2017 मध्ये, मनासारख्या धावा होत नाहीत म्हणून, त्याच्या वडिलांनीच ती थांबवा असं कळवलं. या बातमीने मी हललो होतो. इतका सच्चेपणा फार थोड्या घरांत असतो. आणि त्या हजाराचं ओझं त्या मुलावर किती पडलं असेल, हेही त्यातून कळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी कुणी तरी त्याला पाठीवर हात ठेवून 652 वर बसवलं असतं, तर विश्वविक्रम त्याचाच राहिला असता.

समोरच्या मुलांविषयी फारसं कुठे छापून आलं नाही. धावफलकावर त्यांच्या नावापुढे एवढंच दिसतं की पहिल्या डावात ती 31 वर बाद झाली, मग 1465 धावा होईपर्यंत त्यांनी क्षेत्ररक्षण केलं. त्यानंतर त्याच दिवशी त्यांनी पुन्हा पॅड बांधले, दुसरा डाव खेळायला उतरली आणि 52 धावा केल्या. पहिल्या डावापेक्षा एकवीस जास्त.