कर्जाने वाचविलेले घर

इंग्लंडच्या चेशर परगण्यात, काँगल्टन गावापासून चार-पाच मैलांवर, 'लिट्ल मोर्टन हॉल' नावाचे एक लाकडी घर उभे आहे. सभोवती पाण्याचा खंदक, काळ्या-पांढऱ्या नक्षीने गच्च भरलेल्या भिंती आणि सर्वांत वरच्या मजल्यावर काचांची सलग रांग. इमारत इतकी वाकडी, की ती आता कोसळणार असे पाहणाऱ्यास प्रथमदर्शनी वाटावे. ट्यूडर काळातील वैभवाचे प्रतीक असे तिचे वर्णन नेहमी केले जाते. प्रस्तुत लेखक वास्तुशास्त्राचा जाणकार नाही. अर्थशास्त्राचा अध्यापक आहे. तथापि हिशेबाची वही वाचावी तसे हे घर वाचले, तर ते वर्णन अर्धेच खरे ठरते. वैभवाने हे घर उभारले यात शंका नाही. परंतु ते टिकविले दैन्याने.

प्रथम जमेची बाजू पाहू. 1348 मध्ये इंग्लंडात पोहोचलेल्या प्लेगने असंख्य माणसे नेली. कसणारे हात कमी झाले आणि जमीन स्वस्त झाली. त्या स्वस्ताईत मोर्टन घराण्याने जमिनी घेतल्या. सोळाव्या शतकाच्या मध्यास त्यांच्याकडे हजाराहून अधिक एकर जमीन, धान्य दळण्याच्या गिरण्या आणि लोखंड गाळण्याची भट्टी होती. घराचा सर्वांत जुना भाग, म्हणजे मोठा दिवाणखाना, 1504 ते 1508 च्या सुमाराचा आहे. त्यानंतर जसजसा पैसा आला तसतसे खण वाढत गेले. हे काम जवळजवळ 1610 पर्यंत चालले.

आपल्याकडील जुन्या वाड्यांची ज्यांना ओळख आहे त्यांना ही रचना फारशी परकी वाटणार नाही. सागाच्या जागी ओक, इतकेच. ओकाचे लाकूड ओले असतानाच घडवावयाचे, एका लाकडास खाच पाडून दुसऱ्याचे कुसू तीत बसवावयाचे आणि लाकडी मेख ठोकावयाची. लाकूड वाळताना आकसते व सांधा अधिकच आवळतो. मात्र त्याबरोबर ते थोडे पिळवटतेही. सारा भार या सांगाड्यावर असतो. मधली भिंत म्हणजे काठ्यांचा कूड आणि त्यावर लिंपण.

आता प्रश्न असा, की भार वाहण्यास जितके लाकूड लागते त्याच्या कितीतरी पट लाकूड या भिंतींत का आहे? कर्णरेषेत बसविलेले तुकडे, चौपाकळी आकृत्या, लागून-लागून उभे केलेले खांब यांपैकी बहुतेकांना उचलावयाला काहीच नाही. थॉर्स्टीन व्हेब्लेन याने 1899 मध्ये प्रदर्शनासाठी केलेल्या खर्चाची मीमांसा केली. तिचे याहून चांगले उदाहरण विद्यार्थ्यांपुढे ठेवता येणार नाही. आपल्याला ओक परवडतो, हे खंदकापलीकडून जाणाऱ्या वाटसरूस कळावे हा त्या लाकडांचा उपयोग. काचेचेही तेच. शिशाच्या पट्ट्यांत बसविलेले सुमारे तीस हजार तुकडे या घराच्या खिडक्यांत आहेत, आणि काच त्या काळी महाग होती. अंगणाकडील खिडक्यांवर 1559 साल कोरलेले असून मालक विल्यम मोर्टन याच्याबरोबरच त्या घडविणारा सुतार रिचर्ड डेल याचेही नाव आहे. कारागिराचे नाव मालकाशेजारी यावे, हे तेव्हा दुर्मिळच होते आणि आजही फारसे सुलभ नाही.

या हौसेची परिसीमा म्हणजे दक्षिणेकडील माथ्यावरचे लांब दालन. पावसाळी हवेत घरातल्या घरात फेऱ्या मारण्यासाठी बांधलेली ही सुमारे 68 फूट लांबीची माडी. तिच्यावर कौलाऐवजी जड दगडी फरश्या आहेत. खालच्या सांगाड्याची हा भार घेण्याची तयारी नव्हती. जमीन लाटेसारखी झाली, भिंती बाहेर झुकू लागल्या आणि पुढे बहुधा सतराव्या शतकाच्या अखेरीस आडव्या तुळया घालून त्या आवळाव्या लागल्या. दालनाच्या दोन टोकांस गिलाव्यात दोन मूर्ती आहेत: एक चंचल दैवाची, चाक घेतलेली, दुसरी ज्ञानाधीन नियतीची. दैवाच्या चाकावर अज्ञानाची सत्ता चालते, असा तेथील लेखाचा आशय आहे. ही कल्पना रॉबर्ट रेकॉर्ड याच्या 1556 च्या खगोलशास्त्रावरील ग्रंथातून घेतलेली आहे. गणितातील बरोबरीचे चिन्ह प्रथम वापरणारा तो हाच. समीकरणाच्या जनकाचा उपदेश डोक्यावर आणि समतोल ढळलेली जमीन पायांखाली, असा हा योग आहे!

दैवाचे चाक फिरलेच. यादवी युद्धात मोर्टन राजपक्षाचे निघाले. 1643 मध्ये पार्लमेंटच्या बाजूने घर ताब्यात घेतले व तेथे सैनिक ठेवले. घर परत मिळाले, पण कर्जासह. जमिनी विकाव्या लागल्या आणि शतक संपण्यापूर्वी घर शेतकरी कुळांना भाड्याने गेले. येथेच माझ्या मते या वास्तूचे भाग्य ठरले. अठराव्या शतकात ज्या इंग्रज जमीनदारांकडे पैसा होता, त्यांपैकी अनेकांनी आपली लाकडी घरे पाडली किंवा विटा-दगडांच्या प्रमाणबद्ध दर्शनी भिंतींमागे दडविली. मोर्टनांकडे पैसा असता तर त्यांनी निराळे काही केले असते, असे मानण्यास आधार नाही. कुळांना तर नवे बांधण्याचे कारणच नव्हते. त्यांनी घराचा हवा तेवढा भाग वापरला आणि उरलेला तसाच सोडला. एकोणिसाव्या शतकात घरातील प्रार्थनामंदिर कोळसा साठविण्यास वापरले जात होते. यावर हळहळणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे, की कोळसा बाहेर काढता येतो. पाडलेली भिंत परत येत नाही.

अर्थात दैन्य हा काही भरवशाचा रखवालदार नव्हे. गळके छप्पर ते शाकारीत नाही. वारशाने घर मिळालेल्या एलिझाबेथ मोर्टन या जोगिणीने प्रार्थनामंदिर दुरुस्त केले आणि लांब दालन सावरण्यासाठी पोलादी सळया बसविल्या. 1912 मध्ये ती निवर्तली. घर तिने चुलतभाऊ चार्ल्स एब्रहॅम यांना दिले. अट एकच, ते कधीही विकावयाचे नाही. त्यांनी 1938 मध्ये ते नॅशनल ट्रस्टच्या हवाली केले. 1907 च्या कायद्यान्वये काही मालमत्ता कायमच्या अविक्रेय ठरविण्याचा अधिकार या संस्थेस आहे. बाजाराची महती वर्गात रोज सांगणाऱ्या माझ्यासारख्यालाही हे मान्य करावे लागते, की हे घर वाचविणारे निर्णायक पाऊल म्हणजे ते बाजारातून उचलणे. त्या अर्धशतकात कित्येक सरदारी घरे वारसाकरापायी व खर्चापायी जमीनदोस्त झाली, तेव्हा बाजार बंद नव्हता.

घर 'मूळ रूपात' आणावे, असा आग्रह अशा वास्तूंबाबत धरला जातो, तो मला पटत नाही. लाकडांचा काळा रंग हा व्हिक्टोरियन काळातला. आधी ओक न रंगविलेला, रुपेरी करडा होता. 1976 मध्ये एका खोलीच्या फळ्यांमागे सोळाव्या शतकातील रंगीत भित्तिचित्रे सापडली. म्हणजे त्या फळ्याही नंतरच्याच. मग मूळ कोणते? 1508 चे, 1559 चे की 1610 चे? तुळया आणि सळया काढून 1610 चे घर परत आणू म्हटले तर लांब दालन खंदकात जाईल.