नेटिव्ह कोण?

डमडमच्या ज्या सरकारी वसाहतीत आमचे बिऱ्हाड आहे, तिच्यावरून विमाने इतकी खालून जातात की बोलणारास वाक्य अर्ध्यावर सोडून थांबावे लागते. गेल्या महिन्यात आमचेही एक उत्तर असेच अडले. आमचा भाचा परदेशी निघाला होता आणि विमानाच्या आदल्या चार दिवसांसाठी आमच्याकडे उतरला होता. इंग्रजी घेऊन एम. ए. झालेला, नेट उत्तीर्ण, आणि तरीही चार वर्षे गावाकडच्या महाविद्यालयात तासिका तत्त्वावर राबलेला. पूर्वेकडील एका देशातील विद्यापीठाने त्याला इंग्रजीचा विदेशी अध्यापक म्हणून बोलावले होते. करारपत्र त्याने आमच्यापुढे ठेवले. आठवड्याचे अठरा तास, तेच वर्ग, तीच पुस्तके. वेतनश्रेण्या मात्र दोन. पहिली 'नेटिव्ह स्पीकर', म्हणजे जन्मतः इंग्रजी बोलणाऱ्यांसाठी. दुसरी इतरांसाठी, आणि ती पहिलीच्या दोनतृतीयांश. "मामा, सही करू का?" त्याने विचारले. वरून विमान गेले, आणि आम्हांला विचार करायला तेवढाच अवधी मिळाला.

रविवारी वसाहतीतील मराठी मंडळी चहाला जमली असता हा प्रश्न निघाला. आमच्या एका सन्मान्य स्नेह्यांनी तो तत्काळ निकालात काढला. "भाषा त्यांची. त्यांचा माणूस ती अधिक चांगली शिकवणार. यात रुसण्यासारखे काय आहे?" मंडळींनी माना डोलावल्या. त्या माना डोलावण्यासाठीच हा लेख आम्ही लिहीत आहोत. कारण हा अन्याय दूरदेशीचे विद्यापीठ करते हे खरे असले, तरी त्याला संमती आपल्या चहाच्या पेल्यांवरून जाते.

प्रथम 'नेटिव्ह' हा शब्दच घ्या. कंपनीच्या राजवटीत तो आपल्यासाठी होता. नेटिव्ह पलटण, नेटिव्ह शहर, नेटिव्ह कारकून! त्या शब्दात एक पायरी खाली बसविण्याची सोय होती. आज तोच शब्द साहेबाच्या नावामागे लागला आणि मानाचा झाला. शब्द तोच, अर्थ उलटा, आणि दोन्ही वेळा अधिक पगार साहेबाचाच!

हे उगीच तोंडी लावलेले नाही. डमडमपासून फार दूर नसलेल्या फोर्ट विल्यम कॉलेजात १८०१ पासून विल्यम कॅरी यांनी कंपनीच्या तरुण अधिकाऱ्यांना बंगाली शिकविली, आणि पुढे संस्कृत व मराठीही. मूळचे नॉर्दॅम्प्टनशायरचे जोडे शिवणारे हे गृहस्थ जन्माने मराठी नव्हते. तरीही त्यांनी १८०५ साली मराठीचे व्याकरण आणि १८१० साली मराठीचा कोश सिद्ध केला. त्यांच्या या उद्योगाविषयी आम्हांस आदरच आहे. गोव्यात येऊन १६१६ साली 'ख्रिस्तपुराण' प्रसिद्ध करणारे फादर स्टीफन्स हेही इंग्रजच, आणि मोल्सवर्थचा १८३१ सालचा कोश तर आजही आपल्या कपाटांत आहे. या मंडळींना 'तुमची मातृभाषा कोणती?' असे कोणी विचारले नाही, आणि विचारावयास नकोच होते. परंतु कॅरी अध्यापक होते, आणि ज्यांच्या घरात मराठी पिढ्यान्‌पिढ्या बोलली जात होती ते वैजनाथ पंडित त्यांचे साहाय्यक होते, ही गोष्ट विसरता येत नाही. भाषा आपली होती तेव्हा जन्माला किंमत नव्हती, विद्येला होती. भाषा त्यांची झाली तेव्हा विद्येची किंमत उतरली आणि जन्माची चढली. नियम जर खरोखर भाषेचा असता, तर तो दोन्ही ठिकाणी सारखा लागू झाला असता.

आजच्या व्यवहारातही हेच दिसते. चीनमध्ये विदेशी भाषाशिक्षकाने तत्त्वतः आपल्या मातृभाषेचेच अध्यापन करावे असा दंडक आहे. दक्षिण कोरियात इंग्रजी संभाषणाचा शिक्षक प्रायः सात देशांच्या नागरिकांतून घेतला जातो: अमेरिका, ब्रिटन, आयर्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. भारतीयांना एक चिंचोळी वाट मिळाली ती २०१० साली अमलात आलेल्या आर्थिक करारामुळे, आणि तीही शाळेतील साहाय्यक शिक्षकापुरती. आता यांपैकी दक्षिण आफ्रिकेत ज्यांच्या घरी इंग्रजी बोलली जाते असे लोक दहांत एकाहूनही कमी आहेत. तेव्हा तपासली जाते ती जीभ नव्हे, पारपत्राचे मुखपृष्ठ!

"पण उच्चार?" असे स्नेही विचारतील. उच्चाराचे महत्त्व आम्ही नाकारीत नाही. ज्याचे बोलणे विद्यार्थ्याला कळत नाही त्याने वर्गावर जाऊ नये, मग तो लंडनचा असो की लातूरचा. परंतु कळेल असा उच्चार ही परीक्षेने ठरणारी गोष्ट आहे, जन्माच्या दाखल्याने नव्हे. शिवाय भाषा बोलणे आणि भाषा शिकविणे या दोन भिन्न विद्या आहेत. आपल्यापैकी प्रत्येकजण जन्मतः मराठी बोलतो. 'मी आंबा खाल्ला' आणि 'मी हसलो' यांत क्रियापद एकदा आंब्यामागे आणि एकदा कर्त्यामागे का जाते, हे बंगाली शेजाऱ्याला समजावून सांगताना आपल्यापैकी किती जणांना घाम फुटणार नाही? ज्याने तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेचे धडे गिरवीत एकेक पायरी चढून इंग्रजी मिळविली, त्याला कोणत्या पायरीवर पाय घसरतो ते ठाऊक असते. जन्मभाषकाला ती पायरी कधी लागलेलीच नसते.

आणि या विद्येत आपला वाटा मागण्याइतका तरी आहेच. परक्यांना इंग्रजी वाचायला शिकविण्याच्या ज्या पद्धती जगभर गेल्या, त्यांतील एक मायकेल वेस्ट यांनी ढाक्याच्या बंगाली मुलांबरोबर काम करताना घडविली. त्यांचा द्विभाषिकतेवरील ग्रंथ १९२६ सालचा. पुढे न. सु. प्रभू यांनी १९७९ पासून बंगळूर-मद्रासकडच्या साध्या शाळांत कार्याधारित अध्यापनाचा प्रयोग केला, आणि त्यावरील १९८७ सालचे त्यांचे पुस्तक परदेशी विद्यापीठांतील भावी शिक्षक अभ्यासतात. हैदराबादला इंग्रजीच्या अध्यापनासाठी १९५८ साली निघालेली संस्था आज केंद्रीय विद्यापीठ आहे. श्रीनगरचे ब्रज कचरू यांनी तर अमेरिकेत बसूनच १९८५ साली मांडले की इंग्रजीचे मालक आता एक नव्हेत, अनेक आहेत. टेसॉल या अमेरिकेतील इंग्रजी-शिक्षकांच्या संस्थेनेही जन्मभाषक नसलेल्यांविरुद्धच्या भेदभावाचा २००६ साली निषेध केला. म्हणजे आमचे स्नेही जी बाजू लढवितात, ती त्या क्षेत्रातील जाणत्यांनीच सोडली आहे.

परंतु खेद याहून निराळा आहे. जन्मावरून अध्यापनाचा अधिकार ठरविण्याची कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. 'उच्चार शुद्ध होणार नाहीत' हेच कारण पुढे करून वेदांची दारे कोणाकोणाला बंद होती, ते आपण जाणतो. त्या दारावर जोतीरावांनी आणि बाबासाहेबांनी घाव घातले. आणि म्हणूनच संविधानाच्या सोळाव्या अनुच्छेदात सरकारी नोकरीसाठी वंश, जात आणि जन्मस्थान यांवरून भेद करण्यास मनाई आहे. त्या अनुच्छेदाच्या आधारे आपण सारे आज या वसाहतीत बसलो आहोत. स्वतःच्या नेमणुकीला जे तत्त्व हवे, ते भाच्याच्या नेमणुकीला नको, हा कोणता न्याय?

आपल्या बाजूचे दोषही झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. आमच्या भाच्याने एम. ए.ला नाटके आणि कादंबऱ्या वाचल्या. नवख्याला इंग्रजी वाक्य कसे बोलते करावे हे त्याला कोणी शिकविले नाही. हे त्याला तेथे जाऊन, रात्री जागून शिकावे लागेल. आणि तो गेला तो मुळात का? कारण ज्या महाविद्यालयात पूर्णवेळ अध्यापकाइतकेच काम तो करीत होता, तेथे त्याला तासावर मोजलेले मानधन मिळे, आणि तेही महिनोन्‌महिने थकलेले. एकाच कामाच्या दोन वेतनश्रेण्या हा काही परदेशी शोध नव्हे. तेथे भेद जन्माचा, येथे नेमणुकीच्या कागदाचा. आपण येथे तो मुकाट्याने सोसतो, म्हणून तेथेही तो सोसण्याची सवय अंगी घेऊन आपली मुले विमानात चढतात.

आमची मागणी फार मोठी नाही. उमेदवाराचा पाठ विद्यार्थ्यांसमोर पाहावा, त्याचे बोलणे समितीने ऐकावे, आणि समान कामाला समान वेतन द्यावे. पदवी खरी की खोटी हे पाहण्यासाठी परराष्ट्र मंत्रालयाचा अपॉस्टिल शिक्का आहे. भाच्याच्या पदवीवर तो होताच. मातृभाषेवर शिक्का मारणारे मंत्रालय कोठेही नाही, हे आम्ही एक तप फायलींत घालविलेल्या कारकुनाच्या अनुभवाने सांगतो.

ज्या डमडमचे नाव येथील कारखान्यात घडलेल्या बंदुकीच्या गोळीमुळे इंग्रजी शब्दकोशात गेले, आणि ती गोळी १८९९ च्या हेग परिषदेने निषिद्ध ठरविल्यावरही तेथेच राहिले, त्या गावात बसून 'ती भाषा त्यांचीच' हे आम्हांला पटत नाही. आपले गाव ज्या कोशात आहे, त्या कोशात आपल्या मुलांना एक चौकट मागता येते.

भाच्याने सही केली. घरी बहिणीचे कर्ज आहे, आणि तत्त्वासाठी उपास करण्याचा सल्ला देणारे आम्ही कोण? मात्र सहीच्या वर, आमच्याच मसुद्यावरून, त्याने दोन ओळी लिहिल्या: वेतनाच्या या कलमाला आपला आक्षेप असून, वर्षअखेर अध्यापनाची तपासणी करून त्याचा फेरविचार व्हावा. विद्यापीठाचे उत्तर अद्याप आलेले नाही. स्नेही म्हणतात, अशा आक्षेपाने काय होणार? काहीही होणार नाही कदाचित. परंतु कागदावर आक्षेप नोंदलेला असला की पुढच्या उमेदवाराला पूर्वोदाहरण सापडते. आणि पूर्वोदाहरणाचे सामर्थ्य या मासिकाच्या वाचकांना आम्ही वेगळे सांगावयास नको.