मोफत नाश्त्याचे पैसे कोण भरते?



हल्ली आपल्या लेकी-सुना को-वर्किंग स्पेसमध्ये महिन्याच्या बोलीने खुर्ची घेऊन काम करतात. काहीजणी स्वतःच्या मोकळ्या जागेत अशी सोय सुरूही करतात. दारावर ‘चहा-नाश्ता मोफत’ अशी पाटी असते. माझे मत विचाराल तर चहा शुल्कात असावा, नाश्ता नसावा.

आधी हिशेब पाहू. समजा, 30 खुर्च्या आहेत आणि भाडे, वीज, इंटरनेट, साफसफाई मिळून महिन्याला 1,20,000 रुपये लागतात. 30 ने भागले तर खुर्चीमागे 4,000 येतात. पण सगळ्या खुर्च्या भरतात कुठे? 20 भरतील असे धरले तर 6,000 पडतात. हा स्थिर खर्च आहे, रिकामी खुर्चीही तो मागतेच. म्हणून शुल्क 20 वरच ठरवावे, नफा त्यावर.

चहा-नाश्त्याचा खर्च मात्र माणसागणिक बदलतो. 8 रुपयांचे दोन चहा, 25 दिवस, म्हणजे 400 रुपये. 20 रुपयांचा नाश्ता, 500 रुपये. चहा बहुतेकांना लागतो, त्यासाठी रोज कुपन फाडत बसणे परवडत नाही. नाश्त्याचे तसे नाही. शिवाय तो शुल्कात मिसळला की त्यावरही 18 टक्के जीएसटी लागतो, म्हणजे 500 चे 590 होतात.

आता आपल्या मुलींचे पाहा. कोणाचे एकासणे, कोणाचे आयंबिल. चौविहार पाळणारीला सूर्यास्तानंतरच्या खाण्याचा उपयोग नाही. कांदाभजी, बटाटावडा तर वर्ज्यच. तरी पैसे तिचेही जातात. आपल्या धर्मात करणे, करवणे आणि अनुमोदणे हे तिन्ही सारखेच मानले आहे. मग कंदमुळांच्या त्या ताटात आपला वाटा नकळत का असावा?

कोणी म्हणेल, मोफत लिहिले की सभासद येतात. येतात, पण फुकटचे म्हणून ताटात अर्धे टाकूनही जातात. उष्ट्यात जीवोत्पत्ती होते, ते वेगळेच.

सगळ्यांनी आपल्यासारखे खावे असे मी म्हणत नाही. ज्याने खाल्ले त्याने पैसे द्यावेत, एवढेच. जागा चालवणाऱ्या मुलींनी नाश्त्याची कुपने वेगळी ठेवावीत. जागा घेणाऱ्यांनी शुल्कात काय काय धरले आहे, हे पैसे भरण्याआधी विचारावे. विचारण्यात संकोच कसला?