चोखणीचा दोष किती?

मुंबईत वर्सोव्याच्या यारी रोडवरच्या औषधाच्या दुकानातून चोखणी आणायला पाच मिनिटं पुरतात, पण ती बाळाला द्यावी की नाही यावरून घरात दोन तट पडतात. सासूबाई म्हणतात, "आमच्या वेळी असली थेरं नव्हती." मैत्रीण म्हणते, "दे गं, तुला झोप तरी मिळेल." रात्री तीन वाजता तान्हं बाळ मांडीवर घेऊन बसलेल्या मुलीला वाटतं, दिली तर मी आळशी आई, नाही दिली तर निर्दय. तिच्यावर हा बोजा टाकणारे दोन्ही पक्ष मला चुकीचे वाटतात.

"आमच्या वेळी नव्हतं" हे आधी खोडून काढायला हवं. रबराची चोखणी नसेल, पण मधाचं बोट होतं, गुटीचं चाटण होतं. आणि याच मुंबईत बाळागोळी होती. गिरणीत पाळीला जाणाऱ्या बायका तान्ह्या मुलाला अफूची गोळी देऊन शेजारणीच्या हवाली करत, म्हणजे आई परतेपर्यंत ते झोपून राही. १९२२च्या सुमारास मुंबई सरकारने डॉ. बार्न्स या डॉक्टरबाईंना गिरणी कामगार बायकांच्या बाळंतपणाची पाहणी करायला नेमलं. या बायकांच्या जवळजवळ सगळ्याच बाळांना अफू दिली जाते, असं त्यांना आढळलं. त्या आया दुष्ट नव्हत्या. गिरणीचा भोंगा झाला की बाळाला सोडून निघावंच लागे. अशा बायकांसाठी पुढे १९२९ साली मुंबई इलाख्यात प्रसूतिलाभाचा कायदा झाला, देशातला तो पहिलाच. बाळ गप्प करण्याची गरज आजच्या मुलींनी शोधून काढलेली नाही. ती आईच्या कामाइतकीच जुनी आहे. आणि मधाच्या बोटाचं कौतुक करणाऱ्यांना एवढंच सांगायचं आहे की वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊच नये. त्यातल्या जंतूंच्या बीजाणूंमुळे बॉट्युलिझमसारखा जीवघेणा आजार होऊ शकतो. स्वच्छ, कोरडी चोखणी त्याहून कितीतरी सुरक्षित आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: चोखणीची सवय लागली की बाळ अंगावर पीत नाही. हा आक्षेप घेणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली. डब्याचं दूध आणि बाटली यांच्याविरुद्ध या शहरातल्या डॉक्टरांनी खरोखर लढा दिलेला आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांची स्तनपानाची दहा सूत्रं त्याच वर्षीची. अंगावर पिणाऱ्या बाळाला चोखणी देऊच नका, असं त्यांतलं नववं सूत्र सांगत होतं. पण २०१८ साली हे सूत्र बदललं. आता ते म्हणतं की बाटली, बोंडी आणि चोखणी यांचा वापर व धोके आईला समजावून सांगा. मध्यंतरी पुरावा तपासला गेला होता. पूर्ण दिवसांची निरोगी बाळं आणि अंगावर पाजायची इच्छा असलेल्या आया यांच्यावरच्या प्रयोगांत, चोखणीमुळे पहिल्या चार महिन्यांतल्या स्तनपानात लक्षणीय फरक दिसला नाही.

म्हणून पहिल्या दिवसापासून द्या, असा अर्थ कोणी काढू नये. पहिले तीन-चार आठवडे बाळ जितकं ओढेल तितकं आईचं दूध वाढतं. ओठ चाटणं, मूठ तोंडात घालणं, मान वळवून छाती शोधणं या भुकेच्या खुणा आहेत. रडणं ही त्यांतली शेवटची खूण. आधीच्या खुणा दिसताच चोखणी तोंडात गेली, तर एक पाजणं हुकतं, मग दुसरं, आणि वजन वाढत नाही. "दे गं, झोप मिळेल" हा सल्ला इथे चुकतो. रडणारं बाळ नेहमी चोखायलाच मागतं असं नाही. त्याला भूक असते, लंगोट ओला असतो, वर्सोव्याच्या दमट उकाड्यात गुंडाळलेलं दुपटं नकोसं झालेलं असतं. ते आधी पाहायचं.

दात पुढे येतात, कान फुटतो, या तक्रारी खोट्या नाहीत. पण त्या मुख्यतः दिवसभर आणि वर्षानुवर्षं चोखणी चालू ठेवल्याच्या तक्रारी आहेत. सहा महिन्यांनंतर ती कमी करत न्यावी, तीन वर्षांपुढे तर राहूच नये. अंगठ्यापेक्षा चोखणी सोडवणं सोपं, कारण ती काढून ठेवता येते.

मग द्यायची कधी? बाळ नीट पिऊ लागलं, वजन वाढू लागलं, पोट भरलेलं आहे आणि तरी चोखायचं आहे, तेव्हा झोपवताना खुशाल द्यावी. अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संघटना २००५ पासून झोपेच्या वेळी चोखणी द्यायला सांगते, कारण ती घेणाऱ्या बाळांमध्ये झोपेतल्या आकस्मिक मृत्यूचं प्रमाण कमी आढळलं. झोपेत पडली तर पुन्हा तोंडात कोंबायची नाही. दोरीने गळ्यात बांधायची नाही, मधात बुडवायची नाही, चिरली की फेकून द्यायची. बाळाला नको असेल तर आग्रह करायचा नाही. दिवस पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या आणि नळीने दूध घेणाऱ्या बाळांना तर रुग्णालयातच चोखू देतात. त्याने ती लवकर घरी जातात, हे प्रयोगांत दिसलं आहे.

चोखणीवरून आईची परीक्षा घेणाऱ्यांना माझं एक सांगणं आहे. नोकरदार बाईला २०१७ पासून २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते, तीही कायद्याच्या कक्षेतल्या नोकरीत आणि पहिल्या दोन मुलांपर्यंत. वर्सोव्याच्या कोळीवाड्यात स्वतःची पाटी घेऊन मासळी विकणारीला ती मिळत नाही, सात बंगल्याच्या इमारतींत भांडी घासणारीलाही नाही. तिने बाळाला चोखणी दिली म्हणून नाक मुरडण्याआधी तिचं बाळ तासभर सांभाळा. घरातल्या बाप्यांनीही रात्रीची एखादी पाळी उचलावी. दूध पाजून झालेलं बाळ खांद्यावर घेऊन फिरायला आईच लागते, असं नाही.