हुलगा आणि आपली चूल

शेतकीच्या मासिकांत चुलीची गोष्ट कशाला, असें कांहीं वाचक म्हणतील. बीं, खत, पाणी, बाजार यांविषयीं लिहावें. स्वयंपाक हा बायकांचा विषय, तो त्यांच्यापुरता राहूं द्यावा, असा आपल्यापैकीं पुष्कळांचा समज आहे. आमचाही होता. तो कां बदलला हें सांगण्यासाठींच लिहावयास बसलों आहों.

आम्हीं महसूल खात्यांत कारकुनी केली. तींतील बरींच वर्षें तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षांत, जुन्या सातबारांच्या नकला देण्यांत गेलीं. काम कंटाळवाणें खरें. पण रोज जुनीं पानें उलटणाऱ्या माणसास गांवाच्या शेतीचा इतिहास फुकट वाचावयास मिळतो. कोणत्या सालीं कोणत्या जमिनींत काय पिकलें हें गांव नमुना बारामध्यें लिहिलेलें असतें. आमच्या माण तालुक्यांतील माळरानाच्या गांवांचीं जुनीं पानें काढलीं कीं 'बाजरी, हुलगा, मटकी' अशी मिश्र पिकाची नोंद वारंवार दिसे. अलीकडच्या पानांत हुलगा विरळ होत जाई, आणि त्याच्या जागीं मका, कांदा, डाळिंब येई. नक्कल करतांना हें आमच्या डोळ्यांखालून गेलें, पण त्यावर आम्हीं विचार केला नाहीं. कारकुनानें आंकडा जुळवावा, विचार साहेबानें करावा, अशी संवय जडलेली असते. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू झाली आणि शेतकरी स्वतःच मोबाइलवर आपल्या पिकाची नोंद करूं लागला. त्या वर्षीं आमच्या साडेतीन एकरांची नोंद आम्हींच केली. तींत हुलगा नव्हता. आमच्या वडिलांच्या हयातींत आमच्या शेतांत हुलगा नाहीं असें एकही साल गेलें नव्हतें.

शेतांत नसला तरी घरांत मात्र तो होता, याचें श्रेय आमच्या मातोश्रींचें. बांधाच्या कडेला चार ओळी त्या स्वतः टोकीत. त्या ओळींची नोंद कोणत्याच नमुन्यांत नव्हती. त्यांच्या हातचें हुलग्याचें माडगें हें आमच्या घरचें हिंवाळ्यांतलें पहाटेचें खाणें. नव्या पिढीस माहीत नसेल म्हणून सांगतों : भाजक्या हुलग्याच्या पिठाची पाण्यांत शिजविलेली पातळ पेज, तींत गूळ, मीठ आणि ठेचलेला लसूण. गूळ आणि लसूण एका वाटींत, हें ऐकून बागायती मुलखांतले पाहुणे तोंड वांकडें करीत. मग ती वाटी संपवून दुसरी मागत. १९७२ च्या दुष्काळांत आमचे आईवडील खडी फोडण्याच्या कामावर जात होते. आम्ही तेव्हां पांच वर्षांचे. कामावर सुकडी मिळे, रेशनवर परदेशांतून आलेली तांबडी मिलो मिळे. पण आम्हां भावंडांची थंडी कणगीच्या तळाशीं उरलेल्या पायलीभर हुलग्यानें निभावली, असें मातोश्री सांगत. दुष्काळ सरल्यावर पुष्कळ घरांनीं माडगें हें गरिबीचें खाणें म्हणून सोडलें. मातोश्रींनीं सोडलें नाहीं.

त्या तीन वर्षांपूर्वीं वारल्या. पहिल्याच हिंवाळ्यांत आमच्या सौभाग्यवतींनीं माडगें केलें, तें कडवट झालें व घशाला खरखरीत लागलें. दोनदां केलें, तीनदां केलें, तरी तेंच. माडगें शिजवावें कसें हें त्यांनीं सासूच्या शेजारीं उभें राहून तीस वर्षें पाहिलें होतें. परंतु पीठ मातोश्री दिवाळीनंतर एकदांच करून डब्यांत भरून ठेवीत, आणि त्या दिवशीं घरांतील बाकीचीं माणसें शेतांत असत. पिठाची कृति कोणीं विचारली नाहीं. आम्हीं तर मुळींच नाहीं. सबंध नोकरींत परक्यांच्या जमिनींच्या हजारों नकला आम्हीं अक्षर न चुकतां दिल्या. आईच्या माडग्याची एक ओळ लिहून घेतली नाहीं. याहून वाईट गोष्ट बियांची. राखेंत घालून गाडग्यांत ठेवलेलें काळ्या हुलग्याचें बीं घर साफ करतांना कोणीं तरी कोंबड्यांपुढें ओतलें. तें बीं आहे हें त्या ओतणाऱ्यास ठाऊक नव्हतें. त्यास दोष तरी काय द्यावा?

आमची धाकटी कन्या कुडाळकडे दिली आहे. गेल्या माघांत तिच्या घरीं आठ दिवस राहण्याचा योग आला. पहिल्या रात्रीं भातावर कुळथाची पिठी वाढली. घास तोंडाशीं नेला आणि हात थांबला. मातोश्रींच्या डब्याचें झांकण उघडलें कीं येई तोच वास. कोंकणचा कुळीथ म्हणजेच देशावरचा हुलगा, हें ऐकून ठाऊक होतें. जिभेला त्या रात्रीं कळलें. दुसऱ्या दिवशीं विहीणबाईंस विचारलें, पीठ कसें करतां? व्याह्यानें चुलीची चौकशी करावी याचें त्यांस नवल वाटलें. "त्यांत सांगण्यासारखें काय आहे?" असें म्हणून त्या अर्धा तास सांगत राहिल्या. कुळीथ निवडून मंद आंचेवर खरपूस भाजावेत. गार झाले कीं जात्यावर भरडून त्यांची डाळ करावी, सुपांत पाखडून टरफल सगळें काढून टाकावें, आणि मग त्या डाळीचें पीठ दळावें. टरफल राहिलें तर पीठ कडवट होतें. आंच मोठी झाली तर दाणा बाहेरून करपतो आणि आंत कच्चा राहतो. पिठी करतांना तेलांत लसूण व मिरचीची फोडणी द्यावी, तींत पाणी, मीठ व आमसूल घालावें, पीठ गार पाण्यांत कालवून वर ओतावें, आणि उकळी येईतों हात थांबवूं नये, नाहींतर गुठळ्या होतात.

आमच्या घरची चूक तेथें उमगली. दुकानांतला हुलगा आम्हीं न भाजतां टरफलासकट गिरणींत दळून आणीत होतों. विहीणबाईंनीं दिलेलें किलोभर पीठ घेऊन घरीं आलों आणि आमच्या रीतीनें गूळ-लसूण घालून त्याचें माडगें केलें. तें मातोश्रींच्या माडग्याच्या बरेंच जवळ गेलें. अगदीं तेंच झालें असें म्हणत नाहीं. त्यांचा हुलगा बारीक व काळा होता, हा तांबूस आहे. परंतु आमची कृति दूरवरच्या परक्या चुलीवर शाबूत होती, आणि ती आम्हांस प्रवासानें परत मिळाली, ही गोष्ट लहान नव्हे.

यावरून आणखी एक प्रवास आठवला. कांहीं वर्षांपूर्वीं श्रीशैलचें दर्शन घेऊन विजयवाड्यास गेलों होतों. तेथें भातावर दाट, काळसर, आंबट सार वाढलें आणि त्यावर साय. नांव विचारलें तों 'उलवचारु'. तेलुगूंत उलवलु म्हणजे हुलगे. हुलगे रात्रभर भिजवून दुसऱ्या दिवशीं भरपूर पाण्यांत तासन्‌तास शिजवितात. शिजलेले दाणे गुरांस घालतात, आणि तें पाणी चिंचेचा कोळ घालून आटवून माणसें जेवतात. बैलाची आंबोण आणि धन्याचें जेवण एकाच भांड्यांतून निघतें. आपल्याकडेही बैलांस हुलगे उकडून घालीत आणि वरच्या पाण्याचें कळण कित्येक घरीं होई. फरक इतकाच कीं, आपण तें घरांतल्या घरांत खाल्लें, आणि आंध्रांतल्या लोकांनीं तें लग्नाच्या पंगतींत मानानें वाढलें. आज तें सार शहरांतल्या मोठमोठ्या खाणावळींत मिळतें. आपलें माडगें विचारा, कोठें मिळतें तें.

आतां शेताकडे वळूं. हुलगा कां गेला असें विचारलें कीं भाव नाहीं, हें पहिलें उत्तर येतें. तें खोटें नाहीं. केंद्र सरकार ज्या २२ पिकांस किमान आधारभूत किंमत जाहीर करतें, त्यांत तूर, मूग, उडीद, हरभरा व मसूर हीं पांच कडधान्यें आहेत, हुलगा नाहीं. संयुक्त राष्ट्रसंघानें २०१६ हें साल कडधान्यांचें म्हणून पाळलें. आमच्या गांवीं तें आलें कधीं व गेलें कधीं याचा पत्ता लागला नाहीं. परंतु आमच्या मतें भावाहून जवळचें कारण निराळें आहे. हुलग्याचीं दोन खात्रीचीं गिऱ्हाइकें होतीं, दावणीचा बैल आणि घरची चूल. बैलाच्या जागीं ट्रॅक्टर आला. तो हुलगे खात नाहीं. चुलीवरून मात्र हुलगा आपण होऊन उतरविला, आणि जें घरांत शिजत नाहीं तें बांधाच्या कडेलाही कोणी पेरीत नाहीं.

वास्तविक आपल्या हलक्या, मुरमाड जमिनीस हें पीक किती सोयीचें! पाऊस लांबला, बाजरीची वेळ हुकली, तरी हुलगा श्रावणांत पेरतां येतो. कोंकणांत तर भात कापल्यावर जमिनींत उरलेल्या ओलीवरच तो येतो. शेंगवर्गीय असल्यामुळें मुळांवरील गांठींत हवेंतला नत्र धरतो, पसरून जमीन झांकतो व धूप कमी करतो. भुसा गुरांच्या उपयोगीं पडतो. दाण्यांत शेंकडा वीस भागांहून अधिक प्रथिनें असतात. सीना, माण असे सुधारलेले वाणही आहेत. मूतखड्यावर हुलग्याचें पाणी पिण्याची जुनी रीति आहे, तिजविषयीं आम्ही कांहीं सांगत नाहीं. मूतखडा झाला तर डॉक्टरांकडे जावें.

कोणी म्हणेल, चार पैसे देणारा कांदा सोडून हुलगा पेरावा काय? तसें आम्ही म्हणत नाहीं. आम्ही स्वतः कांदाच लावतों, आणि त्याच्या भावानें आम्हांस रडविलें तें निराळेंच. घरखर्चापुरते चार गुंठे, ज्या तुकड्यावर दुसरें कांहीं धड येत नाहीं तेथें, एवढेंच आमचें मागणें आहे. दुसरा आक्षेप अधिक खरा आहे : भाजणें, भरडणें, पाखडणें हे कष्ट बायकांच्याच माथीं येणार. जात्याचें कौतुक पुरुषांनीं करावें आणि जातें बायकांनीं ओढावें, हा प्रकार आम्हांस मान्य नाहीं. भाजलेले हुलगे गिरणींत भरडून मिळतात, आणि पाखडण्यास पुरुषाचे हात चालतात. गेल्या महिन्यांत आम्हीं स्वतः पाखडून पाहिलें. निम्में टरफल आमच्या अंगावर आलें आणि सौभाग्यवती हंसल्या, पण दुसऱ्या खेपेस साधलें.

ज्यांच्या घरीं सत्तरी उलटलेली आई, चुलती, आत्या असेल, त्यांनीं ह्याच आठवड्यांत वही घेऊन तिच्याजवळ बसावें. नुसती आमटीची फोडणी लिहूं नये; पीठ कसें केलें, किती भाजलें, कोणत्या भांड्यांत, कोणत्या रानाचा दाणा घेतला, हें आधीं विचारावें. पदार्थ शिजतांना चारजणांस दिसतो, पण त्याच्या आधींचें काम एकटीच्या हातून होतें, आणि तेंच तिच्याबरोबर जातें. परगांवीं सोयऱ्यांकडे गेल्यावरही हाच प्रश्न करावा. आपल्या घरीं जें हरवलें तें तेथें दुसऱ्या नांवानें नांदत असेल.

काळ्या हुलग्याचें बीं आमच्या गांवीं आम्हांस कोणाकडे आढळलें नाहीं. वाचकांपैकीं कोणाच्या घरीं राखेंत घातलेलें मूठभर जरी असेल, तरी त्यांनीं मंडळाच्या कचेरींत आमच्यासाठीं तें ठेवावें. टपालखर्च आम्ही देऊं, आणि पिठाची कृति सुवाच्य अक्षरांत लिहून पाठवूं. चार गुंठे नांगरून ठेवले आहेत, आणि श्रावणापर्यंत वाट पाहण्यास हरकत नाहीं.