नागीण : नाव आणि भय

भाषा ही मनुष्याला लाभलेली मोठी शक्ती आहे. परंतु एखादे चपखल नावच कधी कधी त्याच्या बुद्धीवर झापड घालते. ‘नागीण’ हे रोगाचे नाव त्यांपैकीच एक होय. मी भाषेचा शिक्षक आहे, वैद्य नव्हे. तथापि हा रोग जितका त्वचेचा आहे तितकाच आपल्या समजुतींचाही आहे, आणि म्हणून त्याविषयी चार शब्द लिहिण्याचे धाडस करीत आहे.

या रोगात छाती, पाठ, कंबर किंवा चेहरा यांच्या एकाच बाजूस प्रथम आग होते, सुया टोचल्यासारखी वेदना होते. दोन-तीन दिवसांनी तेथे लालसर पट्टा उमटतो आणि त्यावर पाण्याने भरलेल्या फोडांचे घोस येतात. तो नागमोडी पट्टा पाहून आपल्या पूर्वजांना नागीण आठवली. आमच्या सीमाभागातील कन्नड शेजारी यालाच ‘सर्पसुत्तु’, म्हणजे सापाचे वेटोळे, म्हणतात. ग्रीकांना मात्र येथे साप दिसला नाही, कमरपट्टा दिसला. ‘झोस्टर’ या वैद्यकीय नावाचा अर्थ तोच आहे. कमरपट्ट्याला कोणी भीत नाही. नागिणीला सारेच भितात.

नावामागून कथा आली. नागिणीचे तोंड शेपटीला मिळाले, वेटोळे पुरे झाले, की रोगी दगावतो, अशी समजूत घरोघरी आहे. मग तिची वाट अडविण्यासाठी कोणी गेरूचा लेप देतो, कोणी मंत्र घालतो, कोणी नागीण उतरविणाऱ्याचे घर शोधतो. ज्या घरात पदवीधर मुले-मुली आहेत, तेथेही आजीला नागीण झाली की प्रथम गेरूचीच आठवण होते.

वस्तुतः ही नागीण बाहेरून येतच नाही. लहानपणी ज्यांना कांजिण्या येऊन गेल्या, त्यांच्या शरीरातून त्या रोगाचे विषाणू पूर्णपणे जात नाहीत. पाठीच्या कण्याशेजारी मज्जातंतूंच्या ज्या गाठी असतात, त्यांत ते वर्षानुवर्षे निद्रिस्त राहतात. वार्धक्य, मधुमेह, दीर्घ आजार किंवा काही औषधे यांमुळे शरीराची प्रतिकारशक्ती उणावली, की ते जागे होतात आणि एका मज्जातंतूच्या वाटेने त्वचेपर्यंत उतरतात. कांजिण्या आणि नागीण यांचा विषाणू एकच आहे, हे थॉमस वेलर या अमेरिकन संशोधकाने 1950 नंतरच्या दशकात प्रयोगशाळेत दाखवून दिले.

आता वेटोळ्याची कथा तपासून पाहू. धडाचा प्रत्येक मज्जातंतू शरीराच्या एकाच अर्ध्या भागास पुरवठा करतो. म्हणून पुरळाचा पट्टा बहुधा छातीच्या किंवा पोटाच्या मध्यरेषेशी येऊन थांबतो. तो लेपाला भिऊन थांबत नाही. त्याचा रस्ताच तेथे संपलेला असतो. क्वचित एखाद्या रोग्यास दोन्ही बाजूंस फोड आले, तर त्याची प्रतिकारशक्ती फारच क्षीण झाली असण्याचा संभव असतो व त्यास तातडीने डॉक्टरांकडे न्यावे लागते. परंतु तोंड-शेपटीच्या मीलनाने कोणी मरत नाही.

मग लेपाने गुण येतो, असे इतके लोक का सांगतात? कारण साधे आहे. फोड सुमारे आठ-दहा दिवसांत वाळून खपल्या धरतात आणि बहुतेकांची त्वचा तीन-चार आठवड्यांत आपोआप बरी होते. श्रेय मात्र लेपाच्या पदरात पडते. पुढे कित्येक महिने त्याच जागी आग होत राहिली, साधा सदरा अंगाला लागणेही असह्य झाले, तर त्याचा दोष लेपाला कोणी देत नाही. तो वयाला किंवा दैवाला देतात. गुणाचे धनी होणे आणि दोषाचे न होणे, हे भाग्य फक्त अंधसमजुतीलाच लाभते!

‘लेपाने बिघडते तरी काय?’ असा प्रश्न काही पालक विचारतील. बिघडते ते असे, की वेळ जातो. या रोगावर औषध आहे आणि त्याचा खरा उपयोग पुरळ दिसल्यापासून 72 तासांच्या आत सुरू केल्यास होतो. ॲसायक्लोव्हिर हे ते औषध. विषाणूचाच एक विकर त्याला कार्यक्षम करतो. त्यामुळे रोगग्रस्त पेशींत ते विषाणूची वाढ रोखते व निरोगी पेशींना फारसा उपद्रव देत नाही. या संशोधनात अग्रभागी असलेल्या गर्ट्रूड एलियन यांना 1988 साली नोबेल पारितोषिकाचा मान विभागून मिळाला. त्या काही काळ न्यूयॉर्कमध्ये शाळेत शिकवीत होत्या, याचा आम्हा शिक्षकांना विशेष अभिमान वाटतो. इतक्या परिश्रमाने लाभलेले औषध जवळच्या दुकानात असताना, ते तीन दिवस आपण गेरू उगाळण्यात घालवावे काय?

काही गोष्टी प्रत्येक घराने ध्यानी धराव्या. कपाळावर, पापणीवर किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड आल्यास त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवावे. दृष्टीलाच धोका असतो. फोड फोडू नयेत, त्यांवर पाला किंवा माती बांधू नये. त्याने जखम चिघळते. ती जागा स्वच्छ, कोरडी व झाकलेली ठेवावी. फोडांतील पाण्याच्या स्पर्शाने दुसऱ्यास नागीण होत नाही. मात्र ज्यांना कांजिण्या आलेल्या नाहीत किंवा त्यांची लस टोचलेली नाही, त्यांना कांजिण्या येऊ शकतात. म्हणून खपल्या धरीपर्यंत तान्ही बालके व गर्भवती स्त्रिया यांना दूर ठेवावे. औषधाची मात्रा वय व मूत्रपिंडांची स्थिती पाहून डॉक्टरच ठरवितात. शेजाऱ्याची उरलेली चिठ्ठी वापरू नये. पन्नाशीनंतर घ्यावयाची नागिणीची लसही आता भारतात मिळते. ती महाग आहे; तरी मधुमेही आजी-आजोबांसाठी डॉक्टरांचा सल्ला अवश्य घ्यावा.

जुन्या पिढीची थट्टा करावी, असे माझे म्हणणे मुळीच नाही. ज्या काळी औषध नव्हते, त्या काळी लेप लावणाऱ्या हाताने निदान धीर तरी दिला. तो धीर आपण आजही द्यावा. विद्यार्थी मित्रहो, तुमच्या आजीने ‘अंगाला एकाच बाजूस आग होते’ असे म्हटले, तर तिच्याशी वाद घालीत बसू नका. तिच्याजवळ बसा, पट्टा कोणत्या दिवशी उठला ते विचारा आणि वडीलधाऱ्यांना सांगून तिला त्याच दिवशी दवाखान्यात न्या. नागीण हा शब्द आपल्या भाषेत खुशाल नांदो. त्याचे भय मात्र तुमच्या पिढीने संपवावे.